नकोसे केस

मनुष्याच्या अंगावरील सर्व केसांस संस्कृत कोशकारांनीं एकच नांव दिलेलें नाहीं. डोक्यावर उगवतो तो केश, अंगावर उगवतें तें रोम किंवा लोम, आणि पुरुषाच्या मुखावर वाढतें तें श्मश्रु, असा विभाग अमरकोशांत केलेला आहे. श्मश्रु शब्दाचा अर्थ देतांना अमरसिंहानें पुरुषाच्या मुखाचा उल्लेख मुद्दाम केला. त्यामुळें एखाद्या स्त्रीच्या हनुवटीवर दहावीस राठ केस उगवले तर त्यांस काय म्हणावें, ह्यासाठीं कोशांत स्वतंत्र शब्द उरला नाहीं. लोकव्यवहारांत मात्र त्यांना नांव आहे. त्यांस नकोसे केस म्हणतात, आणि ते काढण्याच्या साधनांच्या जाहिराती आज शहरांत जिकडेतिकडे दिसतात. विषय नाजूक आहे, हें आम्ही जाणतों. तथापि जी गोष्ट घरोघरीं कडी लावून केली जाते, तिच्याविषयीं वडीलधाऱ्या मंडळींनीं एकदा उघड विचार करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

नकोसा हें विशेषण वस्तूचा गुण सांगत नाहीं. तें कोणाच्या तरी इच्छेचें नांव आहे. तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, हे केस नकोसे आहेत ते कोणास?

जुन्या ग्रंथांत पाहावें तर ह्या बाबतींत एकवाक्यता मुळींच आढळत नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत विवाहास वर्ज्य कन्यांची यादी आहे. तींत अंगावर फार लोम असलेली कन्या आहे, तशीच लोम मुळींच नसलेलीही आहे. म्हणजे बिचारीनें नेमकें किती ठेवावें, हा हिशेब वरपक्षाकडेच राहिला! इकडे कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत पार्वतीच्या नाभीकडे जाणाऱ्या कोवळ्या रोमराजीची शोभा वर्णिली आहे. पाठशाळेंत आमचे गुरुजी त्या श्लोकापाशीं आले कीं अर्थ न सांगतांच पान उलटीत. कवीनें जी शोभा मानली, तीच काढून टाकण्यासाठीं आज मुली पैसे मोजतात. वैद्यांची दृष्टि ह्या दोहोंहून निराळी. केसाळ जागेवरील व्रण भरून येत नसेल तर वस्तरा, कात्री व चिमटा यांनीं केस काढावेत, असें सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायांत सांगितलें असून, शंखाचें चूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग आंबवलेल्या द्रवांत वाटून केलेला लेपही दिला आहे. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचा संयोग. तो विषारी असल्यामुळें हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, गेलेले केस पुन्हा उगवण्याचा उपायही सुश्रुतानें त्याच अध्यायांत सांगितला आहे. रोग्याला जें हवें तें पाहावें, ह्यापलीकडे केसांशीं त्याचें वैर नव्हतें कीं मैत्री नव्हती.

आपल्या ब्राह्मण कुटुंबांत मात्र ह्या प्रश्नाचें उत्तर एके काळीं फार कठोरपणें दिलें गेलें. आमच्या वडिलांची आत्या आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. ती अकराव्या वर्षीं विधवा झालेली. अंगावर तांबडें आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि ठराविक दिवशीं परसदारीं येऊन बसणारा म्हातारा न्हावी, हें चित्र अद्यापि आमच्या डोळ्यांपुढें आहे. तो आला म्हणजे आम्हां मुलांस पुढच्या ओटीवर पिटाळीत. आगरकरांनीं केशवपनाविरुद्ध लेखणी झिजविली. हरि नारायण आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो' ह्या कादंबरींत यमूच्या रूपानें तें दुःख घरोघर नेलें. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईंतील नाभिकांनीं विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असा निश्चय केला. एवढें होऊनही आमच्या घरांतील तो वस्तरा पुढें कित्येक वर्षें थांबला नव्हता. आत्याआजीला तिचे केस नकोसे नव्हते. ते इतरांना नकोसे होते.

हा सर्व विचार आमच्या मनांत आला तो आमच्या पुतणीमुळें. ती पुण्यांत स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन नोकरी करीत असे, वय सव्वीस. सतराव्या वर्षापासून तिच्या हनुवटीवर व गळ्यावर राठ केस येऊं लागले. तेव्हांपासून ती रोज पहांटे पांच वाजतां, घर उठण्यापूर्वीं, न्हाणीघराची कडी लावून चिमट्यानें केस उपटीत असे. सहलीस जाणें तिनें सोडलें. बैठकींत खिडकीकडे पाठ करून बसण्याची तिला संवय जडली. नातलग स्त्रिया भेटतील तेव्हां उपाय सांगत. कोणी म्हणे, डाळीचें पीठ व साय लाव. कोणी म्हणे, दोरा फिरवून घे. आणि सर्वजणी एकमुखानें बजावीत कीं, वस्तरा लावूं नकोस, केस दाट येतील. दोन ठिकाणीं जमत आलेलें लग्न मोडलें. त्यांपैकीं एका घरानें मध्यस्थाकरवीं कारणही कळविलें. तें कारण तिच्या देखत माजघरांत बोललें गेलें, आणि त्यानंतर आठ दिवस ती कोणाशीं बोलली नाहीं.

ह्या घरगुती उपायांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. बाळाला डाळीच्या पिठानें चोळून लव काढण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. परंतु जन्मतः असलेली ती लव कालांतरानें आपोआपच गळते, आणि श्रेय मात्र पिठाला मिळतें. वस्तऱ्यानें केस दाट होतात हा समजही खरा नाहीं. मिल्ड्रेड ट्रॉटर ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनीं १९२८ सालीं प्रयोगांतीं तो खोडून काढला. वस्तरा केसाचें निमुळतें टोंक कापतो, म्हणून वाढतांना तो बोथट व जाड भासतो, इतकेंच. दोरा, मेण व चिमटा यांनीं केस उपटला जातो. परंतु ज्या कोशिकेंतून तो उगवतो ती जागच्या जागीं राहते, आणि कांहीं आठवड्यांत केस पुन्हा वर येतो.

कंटाळून पुतणीनें कोणास न विचारतां एका सौंदर्यगृहांत पैसे भरले. सहा बैठकांत केसांचा कायमचा निकाल, असें वचन तेथें फलकावर लिहिलें होतें. दुसऱ्याच बैठकीनंतर तिच्या जबड्यावर रुपयाएवढे दोन काळे डाग उठले. विचारावयास गेली तेव्हां, तुमची कातडीच तशी, असें उत्तर मिळालें. त्या दिवशीं ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चला. तुम्ही कांहीं विचारीत नाहीं, म्हणून तुम्हांला सांगतें." आम्ही कांहीं न विचारतां गेलों.

त्या डॉक्टरीणबाईंनीं यंत्राचें नांवही प्रथम काढलें नाहीं. मासिक पाळी वेळेवर येते कीं नाहीं, वजन वाढलें आहे काय, घरांत कोणाला मधुमेह आहे काय, हे प्रश्न विचारले. रक्त तपासविलें, पोटाची सोनोग्राफी करविली. पुरुषांत अधिक असणारीं कांहीं संप्रेरकें स्त्रीच्या शरीरांतही अल्प प्रमाणांत असतात. त्यांचें प्रमाण वाढलें, किंवा त्यांस केसांच्या कोशिका अधिक दाद देऊं लागल्या, म्हणजे मऊ लवेच्या जागीं राठ केस येतात. स्टाइन व लेव्हेंथाल ह्या शिकागोच्या डॉक्टरांनीं १९३५ सालीं ज्या विकाराचें वर्णन केलें, व ज्यास आज पीसीओएस म्हणतात, तोच पुतणीला होता. हा विकार विरळ नाहीं. सुमारें दहा स्त्रियांत एकीला तो असतो. म्हणजे हनुवटीवरील केस हें एका आंतल्या गोष्टीचें बाहेर दिसणारें चिन्ह होतें, आणि नऊ वर्षें सर्व घर त्या चिन्हाशींच भांडत होतें. केस थोड्या महिन्यांत झपाट्यानें वाढूं लागले, किंवा त्याबरोबर आवाज घोगरा होऊं लागला, तर मुळींच वेळ दवडूं नये, हेंही बाईंनीं बजावून सांगितलें.

आंतील विकारावर उपचार सुरू झाल्यावर लेझरचा विचार झाला. थिओडोर मायमन यांनीं १९६० सालीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेझर किरण उत्पन्न केला. पुढें १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश यांनीं असें दाखविलें कीं, किरणाचा रंग व त्याचा काळ योग्य निवडला तर आजूबाजूच्या त्वचेस न भाजतां नेमकी एखादी रंगीत वस्तूच तापवितां येते. केसाच्या मुळांतील काळें द्रव्य प्रकाश शोषून तापतें, आणि त्या उष्णतेनें कोशिका नष्ट किंवा दुर्बल होते. ह्यावरून तीन गोष्टी ओघानें येतात. पिकलेल्या पांढऱ्या केसांवर ह्या किरणाचा उपयोग नाहीं, कारण तेथें शोषणारें द्रव्यच नाहीं. वाढीच्या अवस्थेंत असलेल्या केसांवरच तो परिणाम करतो, आणि सर्व केस एकाच वेळीं त्या अवस्थेंत नसतात. म्हणून कांहीं आठवड्यांच्या अंतरानें अनेक बैठका घ्याव्या लागतात. आणि तेंच काळें द्रव्य आपल्या सांवळ्या त्वचेंतही असल्यामुळें अयोग्य किरण वापरल्यास त्वचाच भाजते. सांवळ्या वर्णास १०६४ नॅनोमीटर लांबीचा, खोल जाणारा किरण त्यांतल्या त्यांत सुरक्षित. सौंदर्यगृहांतील मुलीला हें कोणीं शिकविलें नव्हतें. शिवाय क्वचित् प्रसंगीं लेझरनें केस कमी होण्याऐवजीं वाढतातही, हें आरंभींच सांगितलें गेलें पाहिजे.

घाईचा इतिहास ह्या क्षेत्रांत जुना आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला, आणि लगेच पुढच्या वर्षीं व्हिएन्नांत लिओपोल्ड फ्रॉइंड यांनीं ते एका लहान मुलीच्या पाठीवरील केस घालविण्यास वापरले. केस गळले, पण जखम झाली. तरीही १९२० नंतर अमेरिकेंत क्ष-किरणांनीं चेहऱ्यावरील केस काढणारीं दुकानें निघालीं, आणि तेथें गेलेल्या अनेक स्त्रियांस कांहीं वर्षांनीं कर्करोग झाला. ह्याच्या उलट, सेंट लुईचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनीं १८७५ सालीं डोळ्यांत बोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठीं वर्णिलेली विजेच्या सुईची रीत सावकाशीची असली तरी टिकली. प्रत्येक केसाच्या मुळाशीं सुई घालावी लागते. पण केस कायमचा जातो, असें अमेरिकेचें अन्न व औषध प्रशासन केवळ ह्या एकाच रीतीविषयीं मान्य करतें. लेझरविषयीं तें 'कायमची घट' एवढेंच शब्द वापरूं देतें. घट आणि नाश ह्यांतील अंतर फलक रंगविणारे विसरतात.

पुतणीनें दीड वर्षांत नऊ बैठका घेतल्या. डोळ्यांवर काळा चष्मा बांधून पडून राहावें लागे. प्रत्येक ठोक्यास रबराचा पट्टा ताणून सोडल्यासारखा चटका बसे, असें ती सांगे. ह्या काळांत केस उपटावयाचे नाहींत, हवा तर वस्तरा फिरवावा, असा नियम होता. राठ केस पुष्कळ कमी झाले. जे उरले ते बारीक झाले. वर्षांतून एकदोनदां पुन्हा जावें लागतें. डागांपैकीं एक गेला, एक अस्पष्टसा अजून आहे. शेवटच्या बैठकीस तेथील मदतनीस मुलीनें सहज विचारलें, "हातांवरचे पण काढून टाकूं या का?" पुतणीनें आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "नको. ते मला नकोसे नाहींत." ती आतां सकाळीं साडेसहापर्यंत झोंपते.

आमची गृहस्थांस विनंति एवढीच आहे. घरांतील मुलीच्या ओठावर किंवा हनुवटीवर केस दिसले तर प्रथम तिच्या आईनें तिला शांतपणें डॉक्टरांकडे न्यावें. पिठाच्या व दोऱ्याच्या गोष्टी पाहुण्यांपुढें काढूं नयेत. यंत्र कोण चालविणार आहे, त्याचें शिक्षण काय, व आपल्या वर्णास कोणता किरण योग्य, हें पैसे भरण्यापूर्वीं विचारावें. लग्नाच्या तिथीवर डोळा ठेवून उपचार उरकूं पाहूं नये, कारण केस पंचांग पाहून उगवत नाहींत. एखादी मुलगी म्हणाली कीं, असूं देत, माझें कांहीं अडत नाहीं, तर तिचेंही म्हणणें तितक्याच स्वस्थ चित्तानें ऐकून घ्यावें. आणि मुलाकडची बाजू आपली असेल तेव्हां मध्यस्थाकडून असलें कारण कधींही कळवूं नये. आपण तें सहज बोलून जातों. ऐकणारीच्या पहांटा त्यांत जातात.