मॅग्नेशियमचा रकाना

आमच्या कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी लॅबमध्ये येणाऱ्या एका शाळकरी मुलीनं पीसीआरसाठीचा वीस अक्षरांचा एकच प्रायमर, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, दोन प्रोग्रॅमना दिला. टीएममध्ये, म्हणजे तो डीएनएवरून सुटतो त्या तापमानात, जवळजवळ सहा अंशांचा फरक आला. "मावशी, यातला कुठला खरा?"

मी इतकी वर्षं अंदाजानं तापमान लावत आले आणि जेलवर पट्टा स्वच्छ उमटत आला. त्या अंदाजाचा मला गर्व आहे. चारचौघांत मिरवायलाही आवडतं. पण अंदाज काही तिच्या हाती देता येत नव्हता. मग आम्ही दोघी प्रायमर3 या प्रायमर आखणाऱ्या खुल्या प्रोग्रॅमचा कोड वाचायला बसलो.

सूत्र दोन्हीकडे एकच होतं, जॉन सांतालुसिया यांनी 1998 साली अनेक प्रयोगशाळांची मोजमापं जुळवून मांडलेलं. फरक होता तो मिठात. एकीकडे मॅग्नेशियमचा रकाना शून्य, दुसरीकडे 1.5 मिलिमोलर. डीएनटीपी, म्हणजे डीएनएचे सुटे घटक, मॅग्नेशियमला धरून बसतात, म्हणून त्यांचे 0.6 वजा करायचे, उरलेल्याचं वर्गमूळ काढून 120 नं गुणायचं आणि ते मिठात मिळवायचं. 50 मिलिमोलर मिठाचे हिशेबात 164 होतात. सहा अंश तिथून आले. प्रायमर3 मध्येही हा रकाना कितीतरी वर्षं मुळात शून्यच असायचा, नंतरच्या एका आवृत्तीत तो 1.5 झाला. ज्यांनी तो कधी उघडून पाहिला नाही, त्यांचे आकडे एका अपडेटनं बदलले आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

याचाच मला राग येतो. ओपनपीसीआर या खुल्या पीसीआर यंत्राची लाकडी पेटी लोक हौसेनं स्वतः जोडतात, स्क्रू न् स्क्रू ओळखतात. सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळालं एवढ्यावर खूश. कोड खुला ठेवणाऱ्यांनी तो वाचण्यासाठी ठेवलाय.

तरी माझा पेच सुटलेला नाही. हल्ली लॅबमध्ये येणारे बरेचसे तयार पीसीआर बफर कंपन्यांचे, आणि त्यांत काय किती आहे ते गुपित. रकाना समोर उघडा असतो, पण भरायचा आकडाच ठाऊक नसतो. मग मीही पुन्हा अंदाजाकडे वळते.

टॅक या पीसीआर एन्झाइमच्या जुन्या बफरचं तसं नाही. ट्रिस 10, पोटॅशियम क्लोराइड 50, मॅग्नेशियम क्लोराइड 1.5 मिलिमोलर, सगळं जगजाहीर, आणि रकान्यात जसंच्या तसं भरता येणारं. लॅब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शिकणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा हाच बफर द्या.