पात्याचे टोक

इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरचा नुसता स्पर्श होताच मनगटापर्यंत पुरळ उठू लागले, आणि त्वचेस हे वावडे एकदा जडले की ते सहसा सुटत नाही असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा वल्ह्यांवर लेप चढविण्याचे काम शागिर्दाकडे सोपविण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. हात थांबला, तरी चित्त मात्र पूर्वीप्रमाणेच पात्याच्या टोकाशी घोटाळत असते.

दांडा कोणत्याही बऱ्या रोगणाने निभावून जातो. परंतु जेथे लाकडाचे तंतू आडवे छेदले जाऊन त्यांच्या नळ्या उघड्या पडतात आणि जेथे खडकाचा व रेतीचा आघात नित्याचा, तेथे पाणी शिरले की लेप आतून सुटतो व लाकूड काळवंडते. लाख पाण्याने पांढुरकी होते. जवसाचे तेल मुठीला उत्तम, टोकाला अपुरे. मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्यातून उरलेले पॉलिएस्टर वल्ह्यांना फासण्याची जी स्वस्त चाल पडली आहे, ती मला असह्य होते. हा जिन्नस घट्ट होताना आकसतो, लाकडाला नीट धरत नाही आणि पापुद्र्यांनी निघतो.

राहता राहिले इपॉक्सी. ते पातळ व सावकाश घट्ट होणारे घ्यावे, उन्हे उतरल्यावर, लाकूड निवत असताना लावावे, म्हणजे आतील हवा आकुंचित होऊन लेप आत ओढला जातो, हे मला पटलेले आहे. परंतु सावकाशपणा जितका अधिक, तितकी कोकणच्या दमट हवेत त्यावर मेणचट साय धरण्याची भीती अधिक, आणि ती पाण्याने धुऊन घासल्याखेरीज पुढचा थर चिकटत नाही. खोल मुरणे आणि निर्मळ सुकणे यांचा तंटा माझ्याकडून अद्याप मिटलेला नाही.

शागीर्द टोकाला तीन पातळ थर देतो आणि पात्यावर, इपॉक्सीला ऊन सोसत नाही म्हणून, उन्हास टिकणारे मंद चकाकीचे रोगण फिरवितो. त्याचे काम माझ्यापेक्षा टिकाऊ आहे. तरीही बंदरावर माझे वल्हे दुरून चकाकीवरून ओळखले जावे, हा मोह मला अजून सुटलेला नाही.

वल्हे घेणाऱ्याने मात्र चकाकीकडे पाहू नये. ते उलटे धरून टोक निरखावे, आणि मुठीवर रोगण आढळल्यास ते खरवडून तेथे तेल चोळावे. तळहाताला फोड आणणारे वल्हे कितीही सुंदर असले तरी निकामीच होय.