ते शून्य कुणासाठी?

जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं. टचपॅडवर बाण मस्त फिरत होता, पण टॅप केलं की क्लिक काही होईना. म्हणजे ड्रायव्हर धडधाकट होता, त्याला टॅपिंग तेवढं मान्य नव्हतं. 'एक्सइनपुट'नं यादी काढली, तर 'लिबइनपुट टॅपिंग एनेबल्ड'समोर ० होतं. तिथे १ केलं, चालू झालं. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा ०! 'एक्सऑर्ग'च्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलं, तेव्हा कुठे टिकलं.

पण मुळात ० ठेवलंच का? लिबइनपुटच्या माहितीत कारण सरळ दिलंय: ज्यांना टॅपिंग ठाऊक नाही, त्यांना नको तिथे क्लिक होऊन सगळंच बिघडल्यासारखं वाटतं, ज्यांना हवंय, ते शोधून चालू करतात.

हे वाचलं आणि आई आठवली. तिची बोटं थरथरतात. तिच्या लॅपटॉपवर टॅपिंग चालूच होतं. बोट टेकलं की भलतंच उघडायचं, आणि ती म्हणायची, "मला नाही बाई जमत हे."

तिच्याकडचं टॅपिंग बंद केलं. आता ती सावकाश बटण दाबते. परवा लाइटबिल तिनं एकटीनं भरलं.

मी शोधून चालू करणाऱ्यांतला. ते शून्य तिच्यासारख्यांसाठी होतं.