गोवणे



इंग्रजीतील ‘इम्प्लिकेट’ या क्रियापदाशी माझी पहिली गाठ १९८१ साली लोअर परळच्या चाळीत पडली. मी तेव्हा सातवीत होतो. शेजारचे काका गिरणीत साचेवाले होते. कापडाचा तागा चोरीस गेल्याच्या प्रकरणात त्यांना इंग्रजी नोटीस आली. ती वाचताना मी या शब्दापाशी अडलो आणि अडाणी धिटाईने म्हणालो, ‘‘काका, चोरी तुम्ही केली, असं लिहिलंय.’’

काका गप्प झाले. निकाल लागलाच आहे, अशा समजुतीने त्यांनी खुलासाही दिला नाही. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी युनियनच्या एका कार्यकर्त्याने नोटीस वाचली. ‘‘यात ठरलेलं काहीच नाही. तुमचं नाव गोवलंय, एवढंच,’’ तो म्हणाला. खुलासा गेला.

या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळाशी दुमडण्याची, आत गुंतविण्याची कल्पना आहे. ‘गोवणे’मध्येही गुंतविणेच आहे. तरीही दोन्ही शब्दांचा कल भिन्न आहे. इंग्रजीत पुरावाही या क्रियापदाचा कर्ता होतो आणि संशय ज्याचे नाव आले त्याच्याकडे झुकतो. मराठीत ‘त्याला गोवले’ म्हणताच संशय गोवणाऱ्याकडे वळतो. ‘पुराव्याने त्याला गोवले’ हे वाक्य म्हणूनच कानाला खटकते. तेथे आपण ‘पुराव्यावरून त्याचा हात असल्याचे दिसते’ असे म्हणतो. ‘आरोप करणे’ हे उघड विधान, ‘दोषी ठरविणे’ हा निर्णय. ‘इम्प्लिकेट’ मात्र या दोहोंच्या अलीकडे, सूचनेच्या पातळीवर राहते. आपण अभ्यासलेल्या व्यंजनेचाच हा प्रांत आहे.

म्हणजे कार्यकर्त्याचे भाषांतरही तटस्थ नव्हते. माझ्या शब्दांनी काका दोषी ठरले, त्याच्या शब्दाने ते निर्दोष भासले. नोटिशीत दोन्ही नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. काका पुन्हा कामावर गेले नाहीत. चौकशीही झाली नाही. त्यांचे नाव त्या कागदात गुंतले ते गुंतलेच. मी भाषाविज्ञानाकडे वळलो, त्यामागे त्या दुपारची लाज आहे.

आज वृत्तपत्रातील गुन्ह्याची एखादी बातमी वाचा. तिच्यात काय सांगितले आहे आणि काय केवळ सुचविले आहे, हे वेगवेगळे लिहून काढा. त्या दोन रकान्यांमध्ये कोणाची तरी अब्रू असते.