मशीन बंद पडलं नाही, तरी

माझं काम आर्किटेक्ट लोकांना घरांची थ्री-डी चित्रं करून देण्याचं. मॉडेल उभं करायला दिवस जातो, रेंडरला रात्र. नवं मशीन घेणं परवडणारं नव्हतं, पण घरातल्या कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा आय-५ ९६००के होता. नावातला शेवटचा ‘के’ म्हणजे वेग वाढवायची मोकळीक कंपनीनेच दिलेली. मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्‌झ, आणि सहाही कोअर एकदम कामाला लागले की ४.३. माझा मामेभाऊ पुण्याला असतो, गेमिंगवाला. तो फोनवर म्हणाला, “ताई, ४.७ आरामात निघेल. बायॉसमध्ये आकडा बदलायचा, बस.”

आकडा बदलणं खरंच सोपं होतं. पायाचा वेग १०० मेगाहर्ट्‌झ, त्याला ४३ ने गुणायचं की ४७ ने, एवढाच प्रश्न. सोबत व्होल्टेज थोडं चढवलं. विंडोज आलं, थ्री-डीचं ब्लेंडर उघडलं, सगळं नेहमीसारखं. मग भाऊ म्हणाला, “आता स्ट्रेस टेस्ट कर,” आणि तिथून मला काही कळेनासं झालं.

टेस्ट कोणती? प्राइम९५, ओसीसीटी, आयडा६४, सिनेबेंच, लिनपॅक. किती वेळ? कोणी म्हणे दहा मिनिटं पुरे, कोणी म्हणे रात्रभर, कोणी पूर्ण चोवीस तास. तापमान किती चालेल? ८० च्या वर जाऊ देऊ नकोस, असं एक जण सांगतो. ९५ पर्यंत काही होत नाही, असं दुसरा. प्राइम९५ शिवाय टेस्टला अर्थ नाही म्हणणारे भेटतात, आणि प्राइम९५ ला हातच लावू नकोस म्हणणारेही तितकेच. सगळे अनुभवी, सगळे ठाम. मी वहीत उत्तरं लिहून घेत होते आणि एका पानावरची दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नव्हती.

बऱ्याच उशिरा लक्षात आलं की ही माणसं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. एक प्रश्न: मशीन किती तापतं? दुसरा: मशीन हिशेब बरोबर करतं का? आणि एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही.

तापण्याचा प्रश्न त्यातल्या त्यात समजायला सोपा. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२० व्होल्टचे १.३२ केले तर वाढ दहाच टक्के दिसते, वीज मात्र एकवीस टक्के चढते. त्यावर वेग ४.३ चा ४.७ केला की एकूण खप जवळपास एक तृतीयांशाने वाढतो, आणि तेवढी सगळी उष्णता नखाएवढ्या चिपमधून बाहेर काढायची असते. म्हणून घाबरायचं ते व्होल्टेजला. तापमानासाठी चिपमध्येच राखण आहे: ९६००के १०० अंशांना पोचला की स्वतःच वेग उतरवतो, आणि त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद करतो. जास्त व्होल्टेज मात्र लगेच काही दाखवत नाही, चिप हळूहळू झिजवतं.

या राखणीतच आणखी एक गोष्ट आहे, जी मला आधी कोणी सांगितली नव्हती. प्रोसेसरने गरम होऊन गुपचूप वेग उतरवला तर टेस्ट पास होते, पण ती ४.७ ची टेस्ट राहतच नाही. म्हणून टेस्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फो शेजारी उघडं ठेवायचं. त्यात प्रत्येक कोअरचं तापमान, प्रत्यक्ष वेग, प्रत्यक्ष व्होल्टेज, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर हो किंवा नाही असं सगळं दिसतं. बायॉसमध्ये मी १.३० व्होल्ट टाकले होते. भार आल्यावर एचडब्ल्यूइन्फोत १.२४ दिसत होते. भार पडला की व्होल्टेज खचतं, आणि ते किती खचू द्यायचं याची सेटिंग बायॉसमध्ये वेगळी असते. नेमकी त्या खचलेल्या क्षणीच प्रोसेसरला सगळ्यात जास्त गरज असते.

सुरुवात मूळ सेटिंगवर करायची, हा भावाचा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वेग न वाढवता एक टेस्ट घ्यायची आणि तापमान लिहून ठेवायचं. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद करायचं, नाहीतर चूक रॅमची की प्रोसेसरची ते कळत नाही. यूपीएस हवाच, आमच्याकडे नागपुरात लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना मशीन विझलं तर विंडोजचीच वाट लागते. मग मल्टिप्लायर, म्हणजे तो गुणायचा आकडा, एकेक करून वर न्यायचा. पहिल्या टेस्टला मशीनसमोरून उठायचं नाही.

प्राइम९५ मध्ये ‘स्मॉल एफएफटी’ निवडून सुरू केलं, तेव्हा तापमानाचा आकडा चढताना दिसलाच नाही. ३६ होता, डोळ्याची पापणी लवेपर्यंत ७४ झाला. पंखा नंतर ओरडायला लागला. या टेस्टमधली गणितं प्रोसेसरच्या स्वतःच्या कॅशेमध्येच मावतात, रॅमची वाट बघत कोणी थांबत नाही. त्यात एव्हीएक्सच्या सूचना वापरल्या तर सहाही कोअर पूर्ण ताकदीने जुंपले जातात. माझं कुठलंही रेंडर मशीन इतकं तापवत नाही. ‘हात लावू नकोस’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच होता, आणि तो खोटा नाही. एव्हीएक्स बंद ठेवायची सोय त्याच खिडकीत आहे. मी आधी ते बंद ठेवून आणि नंतर चालू करून, दोन्ही तऱ्हांनी घेतलं. तापमानाने ८८ ची रेघ ओलांडली की हाताने थांबवायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

आकडा ८४ वर टेकला. चहा घेऊन मी खुर्चीत बसून होते, दुसऱ्या खिडकीत गाणं चालू होतं. टेस्टच्या सहा वर्करपैकी (दर कोअरला एक) एकाच्या खिडकीत ओळ उमटली: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, हार्डवेअरमध्ये बिघाड. तो वर्कर थांबला. बाकीचे पाच चालूच. गाणं चालू, माउस हलतोय, ब्लू स्क्रीन नाही, काही नाही.

ती ओळ समजायला मला वेळ लागला, पण सगळा विषय त्या एका ओळीत आहे असं आता वाटतं. प्राइम९५ प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार करतं. ते वेगाने व्हावेत म्हणून मधली गणितं अपूर्णांकांत होतात, पण शेवटचं उत्तर पूर्ण संख्याच असायला हवं. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक वेळी बघतो की आलेला आकडा जवळच्या पूर्ण संख्येपासून किती लांब आहे. थोडा फरक पडणारच. पण ०.५ म्हणजे दोन पूर्ण संख्यांच्या बरोबर मधोमध. याहून लांब जाताच येत नाही. हे नेहमीच्या बारीक फरकाने होत नाही. कुठेतरी एक बिट उलटा पडला होता, आणि ज्या मशीनमध्ये तो पडला त्याला त्याची काहीही खबर नव्हती.

मी खरोखर हादरले. मशीन हँग झालं असतं तर निदान कळलं असतं. रेंडरच्या फ्रेमवर काळा ठिपका आला तर तोही दिसेल. पण फाइल सेव्ह होताना असाच एक बिट उलटला, आणि पुढे त्याच बिघडलेल्या फाइलचा बॅकअप घेतला गेला, तर? सहा महिन्यांनी क्लायंटने जुनं घर पुन्हा मागितलं की मग कळणार.

प्राइम९५ इतकं काटेकोर का, याचं कारण त्याच्या जन्मात आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये एक सार्वजनिक शोधमोहीम सुरू केली: दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या, मर्सेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अविभाज्य संख्या जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांवर शोधायच्या. एकेका संख्येची तपासणी दिवसचे दिवस चालायची आणि मध्ये एक चूक झाली की सगळे कष्ट पाण्यात जायचे. म्हणून मशीन भरवशाचं आहे का, हे आधी बघायची टेस्ट मोहिमेच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे प्राइम९५ मध्येच दिलेली; ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारखा वेग वाढवणाऱ्यांनी, ती नंतर आपली केली. याच मोहिमेत २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. तिथे चुकीला जागाच नाही.

आणि अविभाज्य संख्यांनी प्रोसेसर पकडून दिल्याची ही एकच गोष्ट नाही. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या अविभाज्य संख्यांवर काम करत होते. त्यांची उत्तरं जुळेनात, आणि त्यातून पेंटियमच्या भागाकारातला दोष जगापुढे आला. इंटेलला त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. २०१६ च्या जानेवारीत स्कायलेक पिढीतला दोष तर प्राइम९५ चालवणाऱ्यांनीच पकडला. कारखान्यातून, मूळ वेगाने आलेल्या चिपचीसुद्धा अशी पारख होते. मग वेग वाढवलेल्या चिपवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा?

भावाला ती ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, “ताई, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघड आणि व्हीआ-लॉगर शोध.” तिथे इशाऱ्यांची रांगच होती, क्रमांक १९: हार्डवेअरची चूक झाली, दुरुस्त केली गेली. प्रोसेसर अडखळून स्वतःला सावरत होता आणि विंडोज मुकाट्याने नोंद करत होतं. आता टेस्टनंतर ती यादी मी आवर्जून बघते. ती रिकामी नसेल तर टेस्ट पास झाली असं धरत नाही.

४.७ ला सगळ्या टेस्ट निघायला भाराखाली १.३४ व्होल्ट लागले आणि तापमान ९० च्या पुढे गेलं. ४.६ ला १.२७ मध्ये काम झालं. हिशेब मांडला: ४.३ ला आठ तास लागणारं रेंडर ४.६ ला साधारण अर्धा तास आधी संपतं, ४.७ ला त्याहून आणखी दहाएक मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी एवढं व्होल्टेज द्यायला माझं मन तयार झालं नाही. ४.६ वर स्मॉल एफएफटी, मग रॅमलाही कामाला लावणारी ‘ब्लेंड’ टेस्ट रात्रभर, मग एक्सएमपी चालू करून तीच पुन्हा, आणि शेवटी माझंच एक जड रेंडर, असं करत आले.

हे सगळं डिसेंबरात झालं, तेव्हा खोलीत २२ अंश होते. मे महिन्यात डेझर्ट कूलर लावूनही याच खोलीत ३४ असतात, आणि खोली जितकी तापते तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. म्हणजे डिसेंबरातले ८० मेमध्ये ९२. बायॉसमध्ये ४.४ चं एक वेगळं प्रोफाइल करून ठेवलं आहे. एप्रिल लागला की ते लावणार, टेस्ट पुन्हा पहिल्यापासून घेणार, आणि पाऊस सुरू झाला की परत ४.६ वर येणार.