पाकटांच्या दारी जाताना

समुद्रपर्यटनाच्या जहाजावर जवळजवळ सर्व काही आधीच ठरलेले असते. भोजनाच्या वेळा, करमणुकीचे कार्यक्रम, मुक्कामाची बंदरे यांत प्रवाशाने विचार करावा असे फारसे उरत नाही. स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो तो बंदरावरील सहा-सात तासांचा. त्या वेळेत कोणती सहल घ्यायची, हा प्रश्न वरवर पैशांचा आणि हौसेचा वाटतो. परंतु कधी कधी तो त्याहून खोल जातो.

सांगली जिल्ह्यातील एक वृद्ध जैन दांपत्य न्यू जर्सीतील मुलाकडे गेले असता, जुलै महिन्यात सर्व कुटुंबाने मायामीहून कॅरिबियन समुद्राची सफर केली. वाटेत ग्रँड केमन या बेटावर एक दिवसाचा मुक्काम होता. सहलींच्या माहितीपत्रकात कमरेइतक्या निळ्या पाण्यात उभी असलेली एक मुलगी आणि तिच्या हातांवर विसावलेला पसरट पाकट मासा, असे चित्र होते. कोकणात ज्याला पाकट म्हणतात, तोच हा स्टिंगरे. बारा वर्षांच्या नातीने ते चित्र पाहिले आणि तिच्यापुरता निर्णय झाला.

त्या जागेला ‘स्टिंगरे सिटी’ असे नाव पडले आहे. बेटाच्या उत्तरेला ‘नॉर्थ साउंड’ नावाची विस्तीर्ण, उथळ खाडी आहे. प्रवाळाच्या रांगेमुळे बाहेरच्या लाटा तेथे पोहोचत नाहीत. पूर्वी कोळी लोक समुद्रातून परतताना या शांत पाण्यात मासे आणि शंख साफ करीत व टाकाऊ भाग पाण्यात फेकीत. त्या आमिषाने पाकट तेथे जमू लागले आणि नावेचा आवाज म्हणजे अन्न, हे त्यांना कळून चुकले. पुढे १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने भरवण्यास आरंभ केला. आज वाळूच्या उंचवट्यावर, तीन-चार फूट पाण्यात, जगभरचे पर्यटक त्यांच्यामध्ये उभे राहतात. मादी मोठी असते. तिची रुंदी पाच फुटांपर्यंत भरते.

आजोबांनी प्रथम व्यवहार तपासला. जहाजाच्या कंपनीमार्फत घेतलेली सहल महाग पडते. पण तिला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्थानिक नावाड्याकडे गर्दी कमी आणि दर माफक असतो. पण वेळेवर परतण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाची. त्यात जॉर्ज टाउनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रात नांगर टाकते आणि लहान होड्यांतून ये-जा करावी लागते. म्हणजे हिशेब जहाज सुटण्याच्या वेळेचा नसून शेवटच्या होडीचा धरायचा.

घड्याळाचीही एक मेख होती. केमन बेटांवर वर्षभर एकच वेळ चालते. फ्लोरिडात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेले असते. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल, तर किनाऱ्यावरील घड्याळ पाहून निर्धास्त राहणारा प्रवासी तासभर उशिरा पोहोचायचा. चलनाचेही तसेच. नुसते ‘पन्नास डॉलर’ म्हटले, तर कोणते, हे विचारून घ्यावे लागते. कारण अधिकृत दराने एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी डॉलर.

सुनेला काळजी सुरक्षिततेची होती. ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन २००६ मध्ये पाकटाच्याच काट्याने मृत्युमुखी पडले, हे तिला आठवत होते. ती जात निराळी आणि फार मोठी होती. पाकट आपण होऊन हल्ला करीत नाही. पाय पडला तर शेपटीवरील विषारी काटा स्वसंरक्षणासाठी उगारतो. म्हणून तेथे पाऊल न उचलता वाळूवरून घासत चालायला सांगतात. तिचे समाधान झाले. पोहता न येणाऱ्यांसाठी तरंगण्याची जाकिटेही होती.

मग आजींनी विचारले, “हे मासे माणसाजवळ येतात तरी कशासाठी?”

उत्तर माहितीपत्रकातच होते. पर्यटकांच्या हाती माकुलाचे, म्हणजे स्क्विडचे, तुकडे दिले जातात. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. नातीचा हिरमोड व्हावा असे त्यांना वाटत नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, “मी माकूल हातात धरणार नाही, हे तर ठरलेलंच. पण दुसऱ्यानं धरलेल्या माकुलासाठी आलेला मासा मी कौतुकानं पाहणार, त्याचं काय?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन मार्ग श्रावकाला परिचित असतात. तिकीट काढणारा हात माकूल कापत नाही. पण ते कापण्याची व्यवस्था त्या तिकिटावरच चालते. उपजीविकेसाठी अटळ असलेला आरंभ निराळा आणि केवळ मौजेखातर ओढवून घेतलेला निराळा. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण पाणी ढवळणे आणि निष्प्रयोजन भटकणे हेही येते. पर्यटनाला निघालेल्या श्रावकाला हा आरसा थोडा अडचणीचाच आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. या माशांवर बेटावरील अनेक नावाड्यांची घरे चालतात, आणि म्हणूनच जिवंत पाकटाचे मोल तेथे ओळखले गेले. संख्या घटत असल्याचे दिसल्यानंतर २०१३ मध्ये केमनच्या सर्व पाण्यात त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यांना पाण्याबाहेर उचलण्यास मनाई आहे, आणि काय व किती खाऊ घालावे यावरही बंधने आहेत. “आपण गेलो नाही, तर उद्या त्यांना कोण जपेल?” हा मुलाचा युक्तिवाद पोकळ नव्हता.

तथापि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय संशोधनाने वेगळे चित्र मांडले. दक्षिणी पाकट हा स्वभावतः एकटा राहणारा आणि रात्री अन्न शोधणारा प्राणी. दिवसा तो वाळूत अंग पुरून विसावतो. स्टिंगरे सिटीतील पाकट मात्र दिवसा फिरतात आणि रात्री थांबतात. शिवाय लहानशा जागेत दाटीने राहतात. त्याआधीच्या अभ्यासांत नावांमुळे झालेल्या जखमा, परस्परांचे चावे आणि परजीवींचा वाढलेला उपद्रव यांची नोंद झाली होती. वडिलांनी हे वाचून दाखवताच नात म्हणाली, “म्हणजे ती त्यांची झोपायची वेळ असते?”

कोणी तिला उपदेश केला नाही. तिनेच माहितीपत्रक पुन्हा उघडले आणि केवळ प्रवाळ पाहण्यासाठी जाणारी नाव आहे का, ते शोधू लागली. एका स्थानिक नावाड्याची तशी लहान नाव मिळाली. तो आमिष टाकत नव्हता, आणि प्रवाळावर उभे राहायचे नाही ही त्याची पहिली अट होती. सकाळची वेळ ठरली, शेवटच्या होडीआधी दोन तास हाताशी राहतील अशी.

मालवणला स्नॉर्केलिंग केलेल्यांना ठाऊक असते की, तोंडातील नळीने श्वास घेण्याची सवय झाली की मन आपोआप स्थिर होते. नात जाकीट घालून पाण्यावर पालथी तरंगत राहिली. जांभळे समुद्रपंखे, निळे-पिवळे मासे तिने पाहिले. एके ठिकाणी नावाड्याने दुरूनच बोट दाखवले. वाळूत फक्त दोन डोळे दिसत होते. नीट पाहिल्यावर पसरट अंगाची पुसट कड उमटली. तो पाकट झोपेत असावा. कोणी खाली गेले नाही. आजी-आजोबा नावेतच बसून होते. नातीने वर येऊन त्यांना कुजबुजत सांगितले, जणू मोठ्याने बोलल्यास तो जागा होईल.

ज्यांना स्टिंगरे सिटीलाच जायचे असेल, त्यांनीही काही गोष्टी आधी विचाराव्यात. नावेत किती माणसे असतील, त्या दिवशी बंदरात किती जहाजे आहेत, आमिष हाती न घेता नुसते उभे राहता येईल का, आणि छायाचित्रासाठी मासा पकडून धरतात का. ही उत्तरे तिकीट काढण्यापूर्वी सहज मिळतात. पाण्यात उतरल्यावर विचारून त्यांचा फारसा उपयोग होत नाही.