निमआराम

कोजागिरीला निदान चंद्राच्या आधी घरी पोचायचं, असं मी सकाळीच ठरवलं होतं. चंद्रच जिंकला. दिवा स्टेशन मागे पडलं तेव्हा लेडीज डब्याच्या दारातल्या दोन खांद्यांच्या फटीतून तो दिसला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो. ऑफिस सुटायची वाट काही तो बघत नाही. चार महिने पावसानं धुतलेलं आकाश, आणि त्यात तो भाकरीएवढा, तांबूस. शेजारची बाई गवार मोडत होती. तिनं मान वर करून पाहिलं, “आला बाई, दूध आटवायला घ्यायचंय अजून,” म्हणाली आणि पुन्हा गवार मोडू लागली.

डोंबिवलीला घरी पोचले तर सासूबाईंनी दूध केव्हाच गॅसवर चढवलेलं. माझ्या वाट्याला बदाम आले होते. भिजलेला बदाम चिमटीत दाबला की सालीतून सुळकन निसटतो, हा शोध धाकट्याला लागला आणि स्वयंपाकघरात लढाई पेटली. एक बदाम फ्रीजखाली, एक थेट आजीच्या पदरात. एरवी मी “द्या इकडे, मी करते” म्हणून पाच मिनिटांत काम उरकलं असतं. त्या संध्याकाळी ते वाक्य ओठांवर आलं, आणि मी एक बदाम नेम धरून धाकट्यावरच सोडला. वीस बदाम सोलायला अर्धा तास लागला. दुधात सोळाच पडले.

मग आश्विनी. या दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. थोरली नवा फ्रॉक घालून पाटावर महाराणीसारखी बसली. धाकट्याचा खालचा ओठ बाहेर आला.

“मी थोरला कधी होणार?”

“बाबाला विचार,” सासूबाई म्हणाल्या, “तो चाळीस वर्षं वाट बघतोय.”

गच्चीवर चटया अंथरल्या. जायफळ-वेलदोड्याचा वास, वर तरंगणारं केशर, आणि पातेल्यात चंद्र. धाकटा डावानं चंद्र मोडायचा, तो पुन्हा जुळेपर्यंत श्वास रोखून बघायचा, पुन्हा मोडायचा. दूध कोमट झालं, साय धरली, तरी कुणी घाई केली नाही.

कोजागिरी आणि दूध म्हटल्यावर मी हिरकणीची गोष्ट काढली.

“हिरकणी म्हणजे आजोळी जायची बस?” थोरलीनं विचारलं.

तिचंही बरोबरच होतं. एसटीच्या निमआराम गाडीला हिरकणीचंच नाव आहे.

“निमआराम म्हणजे?”

“अर्धा आराम.”

“आणि उरलेला अर्धा?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी गडावर गेले. रायगड, शिवाजी महाराजांचा काळ. पायथ्याच्या वाडीतली गवळण दूध घालायला वर आली. कोजागिरीचा दिवस, काम लांबलं, सूर्य मावळला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. खाली घरात तान्हं बाळ. पहारेकरी काही दार उघडेनात. तेव्हा ती जिथून कुणी उतरत नाही अशा कड्यावरून, काट्याकुट्यांतून, चांदण्यात खाली उतरली. सकाळी महाराजांना कळलं. त्यांनी तिचा सन्मान केला, त्या कड्यावर बुरूज बांधला.

इतिहासात तिचा पुरावा शोधणारे शोधोत. गोष्ट मात्र महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. आज त्याच हिरकणीवाडीतून रोपवे निघतो आणि काही मिनिटांत माणूस गडावर पोचतो. बसस्थानकांवर बाळाला पाजायला आडोसा असतो, त्यालाही नाव हिरकणी कक्ष.

धाकट्याला यातलं काही नको होतं. दुधाची पांढरी मिशी घेऊन तो गंभीरपणे म्हणाला, “पण रात्री त्यांनी काय केलं?”

“कुणी?”

“बाळानं आणि आईनं. तू एकदम सकाळच केलीस.”

खरंच की. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले. कडा आहे, बुरूज आहे, साडीचोळी आहे. मधली रात्र कुणीच सांगत नाही. ज्या रात्रीसाठी ती जिवावर उदार झाली, तीच गोष्टीतून गळाली. नोकरी करणाऱ्या बाईचंही असंच होतं. कसं जमवतेस गं, हे सगळे विचारतात. घरी पोचल्यावर काय असतं, हे कुणी विचारत नाही.

मग मी रात्र रचली. बाळ रडून रडून लाल झालेलं. आईनं आधी हातपाय धुतले, खरचटलेलं चरचरलं. बाळाला घेतलं. दोघं अंगणात बसली. बाळ मध्येच पिणं थांबवून चंद्राकडे बघायचं, पुन्हा प्यायचं.

“आणि मग?”

“मग काही नाही. बसून राहिली.”

“बरं,” तो म्हणाला. गोष्ट त्याला पटली असावी, कारण तो माझ्या दंडावर डोकं ठेवून तिथंच झोपला. थोरली मांडीवर पसरली. खाली भांडी पडली होती, सकाळची लोकल ठरलेली होती. दंडाला मुंग्या आल्या, मग तो पार बधिर झाला. दुसरा हात मोकळा होता. त्यानं मी पेल्यातलं गार दूध संपवलं.

एसटीवाल्यांनी नाव अगदी विचारपूर्वक ठेवलंय.